मत लिहिण्याआधीचे एक पान

दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत निबंधासाठी प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन असे पर्याय असतात, आणि त्यांतल्या वैचारिक विषयाला हात घालणारी मुले फार थोडी निघतात. पडक्या वाड्याचे किंवा जुन्या झाडाचे आत्मकथन त्यांना सोपे वाटते, पावसात अडकल्याचा प्रसंग तर अनेकांचा पाठच असतो. पण एखाद्या प्रश्नावर आपले मत सांगून ते दुसऱ्याला पटवून द्यायचे म्हटले की पेन अडते. त्याचे खापर आपण बहुतेक वेळा मुलांच्या भाषेवर फोडतो. सोलापुरात तर ते फोडणे आणखी सोपे आहे, कारण शहराच्या पूर्व भागातल्या आमच्या वर्गांमध्ये कित्येकांच्या घरी तेलुगू बोलली जाते, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी दखनी, आणि मराठी त्यांना मुख्यतः शाळेत आणि गल्लीत भेटते. पाचवी ते आठवीला मराठी शिकवताना माझे मत मात्र वेगळे झाले आहे. हीच मुले मधल्या सुट्टीत झेल जमिनीला टेकला होता की नव्हता यावर घंटा होईपर्यंत भांडतात, साक्षीदार उभे करतात, कालच्या सामन्याचा दाखला देतात आणि समोरच्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत पकडून त्याच्यावर उलटवतात. वाद घालण्याची सगळी सामग्री त्यांच्याजवळ असते. ती कागदावर कोणत्या क्रमाने ठेवायची, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते, आणि तो क्रम लावण्याचे काम निबंध लिहायला बसण्याच्या आधी, एका वेगळ्या पानावर व्हावे लागते.

त्या पानाकडे वळण्यापूर्वी विषयाबद्दल लिहिले पाहिजे, कारण बरेचसे निबंध विषयातच हरलेले असतात. ‘वृक्ष आपले मित्र’, ‘स्वच्छतेचे महत्त्व’, ‘वाचनाचे फायदे’ हे विषय वैचारिक म्हणून दिले जातात. पण वृक्ष आपले शत्रू आहेत असे म्हणणारा माणूस वर्गात, घरात किंवा गावात सापडत नाही. ज्याला विरोधच नाही ते मत पटवायचे तरी कोणाला? मग मूल ऐकीव वाक्ये एकापुढे एक मांडत जाते आणि पान भरले की थांबते. विषय देण्यापूर्वी मी एकच कसोटी लावते : या प्रश्नावर वर्गातली दोन शहाणी मुले एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना उभी राहू शकतील का? ‘गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे जानेवारीत भरणाऱ्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत शाळांना सलग सुट्टी असावी का’ या प्रश्नावर ती राहतात. ज्यांच्या घरचे नंदीध्वजांच्या मिरवणुकीत असतात किंवा होम मैदानावर ज्यांची खेळण्यांची दुकाने लागतात त्यांचे एक म्हणणे असते, आणि जानेवारीनंतर परीक्षेला किती दिवस उरतात हे मोजणाऱ्यांचे दुसरे. ‘शाळा सकाळच्या सत्रात असावी की दुपारच्या’, ‘सहावीच्या मुलांनी एकट्याने सिटी बसने प्रवास करावा का’, ‘वर्गप्रमुख मतदानाने निवडावा की शिक्षकांनी नेमावा’ हेही तसेच प्रश्न आहेत. अशा विषयांचा आणखी एक लाभ होतो, तो म्हणजे त्यांची तयार उत्तरे गाइडमध्ये नसतात आणि मोबाइलवर शोधूनही आमच्या गल्लीची गोष्ट सापडत नाही. मुलाला स्वतःच विचार करावा लागतो.

प्रश्न ठरला की मी लगेच लिहायला सांगत नाही. बाके मागे सरकवायची, खिडकीकडची भिंत ‘हो’ म्हणणाऱ्यांची, दाराकडची ‘नाही’ म्हणणाऱ्यांची. प्रत्येकाने आपल्या भिंतीशी उभ्या असलेल्या शेजाऱ्याला आपले कारण सांगायचे, आणि ते कोणत्याही भाषेत सांगितले तरी चालते. या टप्प्यावर मराठीचा आग्रह धरला की तेलुगू किंवा कन्नड घरातले मूल शब्द शोधण्यात गुंतते आणि कारण शोधायचे राहून जाते. कारण एकदा हाती लागले की त्याचे मराठी करायला फारसा वेळ लागत नाही, कारणाशिवायचे मराठी मात्र कितीही शुद्ध असले तरी उपयोगाचे नसते. थोड्या वेळाने मी दोन्ही बाजूंच्या मुलांना भिंती बदलायला लावते आणि आता विरुद्ध बाजूने बोला असे सांगते. पहिल्यांदा मुले कुरकुरतात, पण पुढे दुसरी बाजू लिहिताना याच पाच-सात मिनिटांची शिदोरी उपयोगी पडते.

या वयात तथ्य, आवड आणि मत यांतला फरक स्पष्ट करून द्यावा लागतो, आणि त्यासाठी सोलापूरकरांना उदाहरण शोधत जावे लागत नाही. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. हे तथ्य आहे, ते कागदपत्रांतून आणि बातम्यांतून तपासता येते. ‘मला ती चिमणी लांबून बघायला आवडायची’ ही आवड आहे, तिच्याशी वाद घालता येत नाही आणि घालण्याचे कारणही नाही. ‘होटगी रस्त्यावरच्या विमानतळासाठी ती पाडायलाच हवी होती’ हे मत झाले, आणि ‘ती राखायला हवी होती’ हेही मतच. या दोन्ही मतांच्या माणसांनी गावात आंदोलने केली, मोर्चे काढले, आणि मुलांच्या घरांतही त्यावर बोलणे झालेले आहे. ही तीन प्रकारची वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली की पाचवीच्या मुलांनाही फरक दिसतो. पत्रकार दिनाच्या सुमारास, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ६ जानेवारीला ‘दर्पण’ सुरू केले त्या दिवसाच्या निमित्ताने, वर्गात वर्तमानपत्रे आणवून तथ्याखाली निळी रेघ आणि मताखाली लाल रेघ मारण्याचा तास मी घेते. त्या तासात होणारी भांडणे ऐकण्यासारखी असतात, कारण बातमीतही लाल रेघ मारण्याजोगे वाक्य सापडते आणि अग्रलेखातही निळे.

आता त्या पानाविषयी. वहीचे एकच पान घ्यायचे आणि त्यावर पूर्ण वाक्य लिहायचे नाही, शब्द किंवा तुटक ओळी लिहायच्या, हा नियम मी कडकपणे पाळते. पूर्ण वाक्ये लिहू दिली की मुले तिथेच निबंध लिहू लागतात आणि मग त्या वाक्यांवर त्यांचा जीव जडतो, ती खोडवत नाहीत. पानाच्या डोक्यावर आपले मत एका ओळीत. त्याखाली दोन कारणे, आणि प्रत्येक कारणाखाली थोडी जागा सोडून त्याचा दाखला. पानाच्या खालच्या भागात आडवी रेघ मारून ‘समोरचा काय म्हणेल’ आणि ‘त्याला माझे उत्तर’. तिसरीचौथीच्या मुलांना एक मत आणि एक कारण एवढेच पुरे, पाचवीसहावीला दोन कारणे आणि दाखले, आणि रेघेखालचा भाग सहावीच्या उत्तरार्धापासून. सगळे एकदम दिले तर मुले पान भरतात, विचार करत नाहीत. दोन कारणांपैकी वजनदार कारण दुसऱ्या क्रमांकावर ठेवायला मी सांगते. पहिल्या परिच्छेदात उत्साह असतोच, दुसऱ्यात तो ओसरू लागतो, आणि तिथे सांगण्यासारखे काही ठोस शिल्लक असेल तरच निबंध टिकतो.

पान भरताना माझे दोनच प्रश्न असतात : ‘कशावरून?’ आणि ‘म्हणून काय?’ पहिला प्रश्न दाखला मागतो आणि दुसरा त्या दाखल्याचा मताशी संबंध विचारतो. हे दोन प्रश्न कसे काम करतात ते एका पानावरून सांगते. विषय शाळेच्या सत्राचा होता. सहावीतल्या एका मुलीने लिहिले होते : ‘दुपारची शाळा चांगली. सकाळी उठवत नाही.’ मी विचारले, “उठवत नाही, म्हणून काय?” ती म्हणाली, “काय की बाई.” अशा वेळी उत्तर सुचवण्याचा मोह आवरावा लागतो. मी फक्त एवढेच विचारले की, उठल्यावर शाळेला निघेपर्यंत तू काय काय करतेस ते सांग. “नळ आला असंल तर पाणी भरते. अम्मा विड्या द्यायला जाते, तवर धाकट्याला मी सांभाळते. अम्मा आली की निघते.” मग ती स्वतःच थांबली आणि म्हणाली, “बाई, पाण्याच्या दिवशी आमच्या गल्लीतल्या पोरी सगळ्याच उशिरा येतात की. हजेरी बघा.”

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते, आणि ज्या दिवशी ते येते त्या दिवशी घरातल्या प्रत्येक हाताला काम असते. त्या मुलीचे पहिले कारण झोपेचे होते आणि ते कोणत्याही गावच्या कोणत्याही मुलीने लिहिले असते. दुसरे कारण तिचे स्वतःचे होते, आणि त्याचा दाखला शाळेच्या कपाटात होता. मी तिला वर्गाचा हजेरीपट दिला. तिने उशिरा आलेल्या मुलींची नावे न घेता, पाणी येण्याचे दिवस आणि उशिरा येणाऱ्यांची संख्या समोरासमोर लिहिली, आणि दोन्ही एकमेकांशी जुळत असल्याचे वर्गाला दाखवून दिले. पुढे रेघेखाली जायची वेळ आली तेव्हा तिच्यासमोर उन्हाचा मुद्दा उभा राहिला. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा ४० अंशांच्या वर जातो, दुपारी पत्र्याच्या छताखालच्या वर्गात बसवत नाही, आणि म्हणूनच उन्हाळ्यात शाळा सकाळच्या सत्रात भरवतात. याला काय उत्तर द्यावे यावर ती बराच वेळ अडली. शेवटी तिने वर जाऊन आपले मतच बदलून लिहिले : ‘जून ते फेब्रुवारी दुपारची, मार्चपासून सकाळची.’ आखणीचे पान वेगळे असण्याचा हा मोठा फायदा आहे. निबंध अर्धा लिहून झाल्यावर मत बदलावे लागले असते तर तिने ते बदललेच नसते, उन्हाचा मुद्दा गाळून टाकला असता.

याच विषयावर दुसऱ्या एका मुलाने शासनाच्या निर्णयाचा दाखला आणला. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे परिपत्रक राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढले होते, त्यामागे लहान मुलांची अपुरी झोप हे कारण दिलेले होते, आणि त्या निर्णयावर पालकांनी, शाळांनी आणि स्कूल बस चालवणाऱ्यांनी हरकतीही घेतल्या होत्या. दाखला चांगलाच होता, पण मी त्याला ‘म्हणून काय?’ विचारले, कारण परिपत्रक चौथीपर्यंतचे आणि आपण सहावीत. त्याला तो दाखला आपल्या मुद्द्याशी जोडण्यासाठी एक वाक्य स्वतः तयार करावे लागले : ‘चौथीनंतर मुलाची झोप एकदम कमी होत नाही.’ छापील माहिती आणून चिकटवणे आणि तिच्यावरून काही सिद्ध करणे यांत हेच एक वाक्य असते, आणि मुलांच्या निबंधांतून नेमके तेच गळलेले असते.

ही शिस्त आपल्याकडे नवी नाही. न्यायशास्त्राने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने, अनुमान मांडण्यासाठी प्रतिज्ञा (मत), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (तेच इथे लावून दाखवणे) आणि निगमन (निष्कर्ष) असे पाच अवयव सांगितले आहेत. डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. जिथे धूर असतो तिथे अग्नी असतो, जसा स्वयंपाकघरात. इथेही तसाच धूर आहे. म्हणून इथे अग्नी आहे. सातवीआठवीच्या मुलांना मी हे सांगते, पण डोंगराऐवजी गल्ली घेते. गल्लीत पाणी आले असणार, कारण रस्ता ओला आहे. नळ आला की रस्ता ओला होतो, जसा परवा झाला होता. आजही तसाच ओला आहे. म्हणून पाणी आले. लगेच एखादा हात वर होतो, “बाई, टँकर येऊन गेला असंल तर?” आणि मग हेतू कच्चा कसा ठरतो, हे मला शिकवावे लागत नाही. त्याच परंपरेत आपले मत सिद्ध करण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, मांडायची रीत आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडावा अशी अपेक्षा असते. मुलांना ही अपेक्षा सर्वांत जड जाते. ‘काही लोक म्हणतात की सुट्टी देऊ नये, पण ते चुकीचे आहे’ एवढ्यावर ती दुसरी बाजू निकालात काढतात. यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा की, आखणीचे पान विरुद्ध मताच्या मुलाकडे द्यायचे. ‘माझे म्हणणे यात बरोबर आले आहे’ असे त्याला वाटले तरच त्याने खाली सही करायची, नाहीतर काय राहिले ते तोंडी सांगून पान परत करायचे. सही मिळवण्यासाठी मुले खरोखर मेहनत घेतात. मैत्रीखातर केलेली सही उघडकीला येतेच, कारण निबंध मोठ्याने वाचला जातो तेव्हा सगळा वर्ग ऐकत असतो.

प्रत्यक्ष लेखनाबद्दल सांगायचे तर पान नीट झाले असेल तर ते एका तासात होते. सुरुवात शेवटी लिहावी, असे मी सांगते. ‘आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे’ किंवा एखादे सुभाषित यांनी उघडणारे निबंध मुलांनी पुस्तकांत इतके पाहिलेले असतात की पहिली ओळ सुचली नाही तर ती त्याच दाराने आत शिरतात. मधला भाग लिहून झाल्यावर सुरुवातीला काय हवे ते आपोआप कळते : प्रश्न काय आहे, तो कोणाला भेडसावतो आणि माझे मत काय. शेवटच्या परिच्छेदात आधीचेच पुन्हा लिहू नये, तर काय करावे आणि ते कोणी करावे हे लिहावे. मुख्याध्यापकांनी, महापालिकेने, पालकांनी की आपण स्वतः, हे नावानिशी यावे. जोडशब्दांकडे मात्र मी बारकाईने पाहते. मुलांच्या लिखाणात ‘आणि’ व ‘मग’ यांवरच सगळा भार असतो. ‘यात्रेत गर्दी असते आणि बस बंद असतात आणि मुले येत नाहीत’ हे वाक्य एका मुलीच्या वहीत होते. मी फळ्यावर कारण, म्हणून, तरीही, मात्र, उलट, असे असले तरी हे शब्द लिहून ठेवले आणि ‘आणि’ न वापरता तेच वाक्य लिहायला सांगितले. तिने लिहिले, ‘यात्रेत गर्दी असल्यामुळे बसचे मार्ग बदलतात, म्हणून लांबची मुले येऊ शकत नाहीत; मात्र जवळची मुलेसुद्धा येत नाहीत, याचे कारण वेगळे आहे.’ ते वेगळे कारण काय, हे पुढच्या वाक्यात तिला सांगावेच लागले, आणि निबंध तिथून पुढे सरकला.

तपासणीविषयी माझे मत ठाम आहे. पहिल्या वाचनात ऱ्हस्व-दीर्घाला लाल पेन लावू नये. पालकांना ते रुचत नाही. पालकसभेत वही उघडून ‘इतक्या चुका, आणि बाईंनी काहीच केले नाही’ असे म्हणणारे भेटतात, आणि त्यांची काळजी खरीच असते, कारण अक्षर आणि शुद्धलेखन हेच त्यांना तपासता येते. पण ज्या मुलाने पहिल्यांदाच स्वतःचे कारण शोधून लिहिले आहे त्याला परत मिळालेले पान वेलांट्यांनी रंगलेले दिसले तर पुढच्या वेळी ते ज्यांच्या वेलांट्या येतात तेवढेच शब्द वापरेल. म्हणून पहिल्यांदा मी फक्त समासात ‘कशावरून?’ आणि ‘म्हणून काय?’ एवढेच लिहिते. दुरुस्त केलेला मजकूर आला की मग शुद्धलेखन, आणि तेही पूर्ण काटेकोरपणे, कारण वाचणाऱ्याला अडखळवणारे लेखन पटत नाही हेही मुलांना कळले पाहिजे. गुण देताना आखणीच्या पानाला स्वतंत्र गुण असावेत. ते नसतील तर हुशार मुले आधी निबंध लिहितात आणि नंतर त्यावरून आखणी उतरवून काढतात.

राहिला प्रश्न वेळेचा. भरगच्च वर्ग, ठरलेला पाठ्यक्रम, मध्येच येणारी सर्वेक्षणाची आणि निवडणुकीची कामे, यांत प्रत्येक महिन्याला पूर्ण वैचारिक निबंध लिहून घेणे व तो दोनदा तपासणे कोणत्याही शिक्षकाला शक्य नाही, आणि माझ्या मते त्याची गरजही नाही. एका सत्रात एकच निबंध शेवटपर्यंत न्यावा, पुन्हा लिहून घ्यावा, वर्गात वाचून घ्यावा. बाकीच्या विषयांची केवळ पाने करून घ्यावीत, मत, कारणे, दाखले, समोरचा आणि उत्तर, आणि तिथेच थांबावे. अशी पाने तपासायला वेळ लागत नाही, वर्गातल्या वर्गात फिरता फिरता ती वाचून होतात. यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर सातवीसाठी मी गड्ड्याच्या सुट्टीचा विषय पूर्ण निबंधासाठी ठेवला आहे, म्हणजे यात्रेच्या आधी आखणी होईल, यात्रेत मुलांना दाखले गोळा करता येतील आणि होम मैदानावरून परतल्यावर ती लिहायला बसतील.